दुर्वासाची सोय

टिटवाळ्याचा महागणपती दुरावलेल्या नवरा-बायकोला एकत्र आणतो, रखडलेली लग्नं जुळवतो, अशी श्रद्धा आहे. इथे काळू नदीच्या काठी कण्वमुनींचा आश्रम होता. दुष्यंत विसरून गेला तेव्हा त्यांनी शकुंतलेला गणपतीची स्थापना करून पूजा करायला सांगितली आणि तिचा संसार पुन्हा उभा राहिला, अशी कथा सांगतात. अंगारकीला कल्याणच्या पुढे ज्या लोकल भरभरून येतात, त्यांतल्या कितीतरी लोकांच्या मनात असंच काहीतरी जुळवायचं असतं. त्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते याच कथेच्या चालीवर चालणाऱ्या समुपदेशनाशी. घरापासून तुटलेल्या माणसाला खुर्चीत, हल्ली स्क्रीनसमोर, बसवायचं आणि ‘आता हे पुन्हा जुळवायचं कसं’ एवढाच प्रश्न त्याच्यापुढे ठेवायचा, या पद्धतीशी.

बोलणारी कुठून बोलते आहे ते वाचणाऱ्याला माहीत असलेलं बरं, म्हणून थोडक्यात सांगते. मी २८ वर्षांची आहे. इंजिनियरिंग केलं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते, नवऱ्याबरोबर टिटवाळ्यात भाड्याच्या वन बीएचकेत राहते. नवरा दुसऱ्या जातीचा. विशेष विवाह कायद्याखाली, तीस दिवसांची नोटीस लावून आम्ही लग्न केलं. तेव्हापासून माझ्या माहेरचं दार माझ्यासाठी बंद आहे. ऑनलाइन थेरपी सुरू करून मला दीड वर्ष होत आलं आणि ती मी थांबवणार नाही. त्यामुळे ‘ही सगळी मोठ्या शहरातल्या लोकांची फॅडं’ म्हणणाऱ्यांना माझ्या लेखातून दारूगोळा मिळणार नाही. मला थेरपी हवी आहे. फक्त ती थेरपी असावी, मध्यस्थी नको.

माझं म्हणणं असं: समेट हा उपचार नव्हे. समेट झाला तर चांगलंच. पण समेट हे ध्येय ठरवून सुरू झालेल्या समुपदेशनात, जे घडलं त्याचा कर्ता हळूहळू दिसेनासा होतो. आणि कर्ता दिसेनासा झाला की सगळा भार ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच डोक्यावर येऊन बसतो, कारण समोर हजर असणारा तोच एकटा असतो.

हे कसं होतं ते पाहायला शकुंतलेचीच गोष्ट उपयोगी आहे. आपल्याला ती माहीत असते कालिदासाकडून, आणि मराठी माणसाला अण्णासाहेब किर्लोस्करांकडून. ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगमंचावर आलं ते १८८० साली. त्या गोष्टीत दुर्वास ऋषी आहेत, त्यांचा शाप आहे, नदीत पडलेली अंगठी आहे, ती गिळणारा मासा आहे. राजा तिला भरदरबारात ओळखत नाही, पण त्यात त्याचा दोष नाही, शापाचा दोष. महाभारताच्या आदिपर्वातल्या मूळ कथेत मात्र शापही नाही आणि अंगठीही नाही. तिथे राजाला सगळं आठवतं. लोक काय म्हणतील या धास्तीने तो तिला ओळख देत नाही, आणि आकाशवाणी झाल्यावर तसं कबूलही करतो. आणि ती शकुंतला रडून निघून जात नाही. ती राजाला तोंडावर सुनावते, सत्य म्हणजे काय यावर त्याच्याशी वाद घालते.

दुर्वासाने कोणाची सोय केली? दुष्यंताची. नाटक म्हणून ते कितीही सुंदर असो, त्या शापामुळे शेवटचं मीलन सोपं होतं. कोणाला कोणाची माफी मागायची गरज उरत नाही. अंगठी सापडली की झालं.

आपल्या समुपदेशनातही असे दुर्वास आहेत. फक्त त्यांची नावं इंग्रजी आहेत. पहिल्यांदा मी ऑफिसच्या योजनेतून एका ॲपवर नोंदणी केली. काही सेशन्स फुकट होती. फॉर्ममध्ये ‘तुमचा त्रास निवडा’ म्हणून यादी होती: फॅमिली कॉन्फ्लिक्ट, रिलेशनशिप, वर्क प्रेशर, कल्चरल स्ट्रेस. जात नव्हती. मी कल्चरल स्ट्रेसवर टिक केली, कारण दुसरं काही जवळपासचं नव्हतं. या ‘कल्चरल स्ट्रेस’चं काय करायचं? संस्कृतीचा ताण म्हटलं की तो हवामानासारखा होतो. सगळ्यांवर थोडाथोडा पडतो, कोणी पाडत नाही. माझ्या वडिलांनी माझ्या नवऱ्याची जात विचारली, ऐकली आणि ‘परत या घरात पाऊल टाकू नकोस’ असं सांगितलं. हा ताण नव्हे. हा एका माणसाने घेतलेला निर्णय आहे, आणि त्याला चार नातेवाइकांनी हजर राहून मान्यता दिलेली आहे.

त्या ॲपवरच्या ताई प्रेमळ होत्या. चार सेशन्समध्ये त्यांनी कोणाची जात कोणती हे विचारलं नाही. त्यांच्या मते आमच्यात ‘कम्युनिकेशन गॅप’ होती. वडिलांना असुरक्षित वाटत असेल, त्यांच्या पिढीचं समजून घ्या, पाडव्याला एक साधा शुभेच्छांचा मेसेज पाठवून बघा, असा गृहपाठ मिळाला. गॅप म्हणजे दोन फळ्यांमधली फट. ती कोणी पाडत नाही, पडते. इथे तर संवादात काडीचीही फट नव्हती. वडिलांनी जे सांगितलं ते मला पूर्ण समजलं होतं.

मराठीत हा दुर्वास क्रियापदात लपून बसतो. नातेवाईक बोलतात तेव्हा ऐकून बघा: ‘संबंध तुटले’, ‘येणंजाणं राहिलं नाही’, ‘थोडं वितुष्ट आलं’, ‘दुरावा निर्माण झाला’. सगळी क्रियापदं अकर्मक. तुटलं, राहिलं, आलं, झालं. तोडणारा कुठेच नाही. सध्या मी ज्यांच्याशी बोलते त्या मराठी बोलणाऱ्या मानसशास्त्रज्ञ आहेत. दुसऱ्याच सेशनला मी ‘माहेरचं दार बंद झालं’ म्हणाले तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, ‘कोणी केलं?’ उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला. ‘बाबांनी दार बंद केलं’ हे वाक्य मोठ्याने म्हणायला मला कित्येक आठवडे लागले, आणि त्या दिवसापासून मला झोप लागायला लागली. यात जादू काही नाही. जे वाक्य कर्त्याशिवाय डोक्यात फिरत होतं, त्याचा रिकामा कर्ता मी रात्रभर स्वतःच भरत होते.

समेटवाल्यांच्या उलट टोकाला दुसरा पंथ आहे, आणि तोही माझ्या वयाच्या लोकांमध्ये जोरात आहे. टॉक्सिक पेरेंट्स, बाउंडरी, नो कॉन्टॅक्ट. रील्समधून आलेली ही शब्दावली ज्या समाजातून येते, तिथे मुलं मोठी झाली की घराबाहेर राहायला लागणं हा नेहमीचा क्रम आहे. तिथे संबंध तोडणं म्हणजे दोन माणसांशी बोलणं थांबवणं. आपल्याकडे आई-वडिलांबरोबर बाकी काय काय जातं याची या पंथाला कल्पना नसते. कुलदैवत जातं. गावचा गणपती जातो. चुलत-मावस भावंडांचा व्हॉट्सॲप ग्रुप जातो. पहिलटकरणीने बाळंतपणाला जायचं कुठे, ओटी कोण भरणार, आजी गेल्याचं कोण कळवणार, हे सगळं जातं. या सगळ्याला मराठीत एक शब्द आहे, माहेर. तो इंग्रजीत सांगायचा तर ‘पेरेंट्स होम’ म्हणावं लागतं आणि मग समोरचा बाउंडरीबद्दल बोलायला लागतो. नो कॉन्टॅक्ट मी निवडलेला नाही. तो माझ्यावर लादलेला आहे. त्याला माझी ताकद, माझं सेल्फ-केअर म्हणणं म्हणजे पुन्हा बाबांचीच सुटका.

दोन्ही पंथांचं दिसायला भांडण असलं तरी त्यांची घाई एकच आहे. एकाला लवकर जोडायचं आहे, दुसऱ्याला लवकर तोडायचं आहे. मधल्या काळात माणूस ज्या दुःखात असतो त्यात त्याच्याबरोबर बसायला दोघांनाही वेळ नाही. काही सेशन्सच्या पॅकेजमध्ये तो बसतही नाही.

हा फक्त ॲपवाल्यांचा दोष असता तर मी एवढं लिहिलं नसतं. समेटालाच मदत समजण्याची चूक आपल्या सरकारनेही केली आहे. १३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागाने शासन निर्णय काढून ‘आंतरजातीय/आंतरधर्मीय विवाह-कुटुंब समन्वय समिती’ स्थापन केली. अध्यक्ष खुद्द खात्याचे तेव्हाचे मंत्री मंगलप्रभात लोढा. काम काय? अशा लग्नांची माहिती गोळा करायची, त्या मुलींचा माहेरशी संपर्क आहे का ते पाहायचं आणि नसेल तर मुलगी आणि तिचं कुटुंब यांच्यात समुपदेशनाने संवाद घडवायचा. टीका झाल्यावर दोन दिवसांत, १५ डिसेंबरला, समितीच्या नावातून आणि कामातून ‘आंतरजातीय’ वगळलं. आंतरधर्मीय तसंच ठेवलं.

त्यामागे वसईच्या एका तरुणीच्या दिल्लीत झालेल्या खुनाची पार्श्वभूमी होती. घरच्यांपासून तुटलेल्या मुली एकट्या पडतात आणि संकटात त्यांना कोणी नसतं, हा मुद्दा खोटा नाही. तो मी रोज जगते. पण त्या मुद्द्यावरून काढलेला निष्कर्ष बघा. मुलगी एकटी पडते कारण घरच्यांनी तिच्याशी बोलणं बंद केलेलं असतं. मग नोंद कोणाची ठेवायची? मुलीची. विचारपूस कोणाची? मुलीची. दार बंद करणाऱ्या बापाची माहिती कुठल्याही रजिस्टरमध्ये भरली जात नाही. ज्या राज्याने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, जातपंचायतीने वाळीत टाकणं गुन्हा ठरवलं, त्याच राज्याला बहिष्कार घरच्यांनी टाकला की त्यात ‘समन्वय’ दिसतो.

घरच्या अबोल्यावर कायदा व्हावा असं मी म्हणत नाही. कोणाला बोलायला भाग पाडता येत नाही, पाडूही नये. एवढंच म्हणते की कायद्याने जे स्पष्ट केलं आहे ते समुपदेशनाच्या खोलीत धूसर करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘शक्ती वाहिनी’ खटल्यात सांगितलं की दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवल्यावर त्याला कुटुंबाची किंवा जमातीची संमती लागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं तिसरं कलम म्हणतं की समाजातली रूढ नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक मूल्यं किंवा धार्मिक समजुती पाळल्या नाहीत, या आधारावर कोणालाही मानसिक रुग्ण ठरवता येणार नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी माझ्या लग्नात आजार नाही. दुःख आहे. दुःखाला सोबत लागते आणि कधी कधी, ते झोप आणि भूक खायला लागलं की, उपचारही लागतो. पण तो उपचार माझ्या दुःखावर हवा, माझ्या निर्णयावर नको.

आता नेहमीचे आक्षेप. पहिला: परक्या माणसापुढे घरचं बोलणं ही आपली रीत नाही. टिटवाळ्याच्या अलीकडे दोनच स्टेशनं सोडून कल्याण आहे. १८६५ मध्ये तिथे यमुना जोशी जन्मली, नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदीबाई झाली. पुढे अमेरिकेतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंशी तिचा पत्रव्यवहार सुरू झाला. त्या बाईंना तिने पाहिलेलं नव्हतं. त्यांनी एका मासिकात गोपाळरावांचं पत्र छापलेलं वाचलं आणि लिहायला घेतलं, इतकाच संबंध. समुद्रापलीकडच्या त्या अनोळखी बाईला आनंदीबाई मावशी मानायला लागल्या आणि १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या तेव्हा आधी त्यांच्याच घरी राहिल्या. १८८७ मध्ये आनंदीबाई पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. ही थेरपी होती असं मी म्हणत नाही. पण गावातल्या, नात्यातल्या माणसाला जे सांगता येत नाही ते लांबच्या, ऐकून घेणाऱ्या माणसाला सांगावं, ही गरज ब्रॉडबँडबरोबर आलेली नाही.

आणि घराबाहेर पडणं तरी कुठे आयात केलेलं आहे? १८४९ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंना गोविंदरावांचं घर सोडावं लागलं, कारण समाजाच्या दबावापुढे वडिलांनी शाळा किंवा घर असा प्रश्न ठेवला. आपण ते पाठ्यपुस्तकात अभिमानाने शिकवतो. सावित्रीबाईंनी सासऱ्यांना पाडव्याचा निरोप पाठवायला हवा होता, असं कोणी त्या धड्याखाली लिहीत नाही.

दुसरा आक्षेप: ऑनलाइन कशाला, समोरासमोर जा. जरूर जावं, जमत असेल तर. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आहे. या पट्ट्यात मानसिक आरोग्याबद्दल मराठीत मोकळेपणाने बोललं जातं त्यात तिचा मोठा वाटा आहे. पण नोकरी ऐरोलीला किंवा पवईला, घर टिटवाळ्याला, जाऊन-येऊन रोजचे चार तास प्रवासात, अशा माणसाला आठवड्यातला ठरलेला एक तास फोनवरच सापडतो. तोही सहज नाही. वन बीएचकेत दार लावून बोललं तरी आवाज पलीकडे जातो. मी काही सेशन्स सोसायटीच्या गच्चीत टाकीच्या आडोशाला बसून केली आहेत, काही ऑफिसच्या रिकाम्या मीटिंग रूममध्ये. पण कोणाच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढताना ओळखीच्या काकूंना दिसायचं नाही, ही सोय लहान गावात लहान नसते. पैसे नसतील तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे, विनामूल्य, मराठीतही.

तिसरा आक्षेप सगळ्यात जड आहे आणि तो मला टाळायचा नाही. आई-वडील म्हातारे होतात. उद्या काही झालं तर? हा प्रश्न मला दर रविवारी पडतो. त्याचं उत्तर असं की हा प्रश्न फक्त मलाच का विचारला जातो? त्यांची मुलगी रोज लोकलच्या गर्दीत लटकत जाते, उद्या तिलाही काही होऊ शकतं, हे त्यांना कोणी विचारतं का? ज्या मावश्या-काकांनी मला ‘तू लहान आहेस, तूच माघार घे’ असं सांगितलं, त्यांतल्या एकानेही बाबांना ‘चला, मी तुमच्याबरोबर येतो, एकदा समुपदेशकाशी बोलू’ असं म्हटल्याचं मला माहीत नाही. दार बंद करणारा कधीच लॉग इन करत नाही. हे थेरपीचं अपयश नाही. पण समुपदेशकाने ते विसरलं की मग समोर आलेल्यालाच वाकवायला सुरुवात होते, कारण वाकवायला दुसरं कोणी नसतं. आईचा कधी तरी फोन येईल, मी उचलेन. ते माझं आणि तिचं आहे. कोणाच्या प्रगतिपुस्तकातला शेरा म्हणून ते व्हायला नको.

म्हणून जे कोणी घरापासून तुटून पहिल्यांदाच अशा स्क्रीनसमोर बसणार आहेत, त्यांनी पहिल्या दिवशी तीन गोष्टी सरळ विचाराव्यात. तुमचं शिक्षण काय आणि नोंदणी कुठे आहे? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते. आढेवेढे घेतले तर दुसरं कोणी शोधा. मला माझ्या भाषेत बोलता येईल का? आणि, घरच्यांशी माझं जुळलं नाही तर तुमच्या मते ही थेरपी फसली का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं, किंवा गोलगोल आलं, तर पैसे वाचवा.

समुपदेशन करणाऱ्यांकडेही एक मागणी आहे. फॉर्ममधल्या यादीत जात लिहा, धर्म लिहा. समोरचा ‘संबंध तुटले’ म्हणाला तर कोणी तोडले ते विचारा. उत्तर ऐकायला वेळ लागेल. तो वेळ द्या, कारण आम्ही पैसे त्या वेळाचेच मोजतो.